मास्तरांची मांडी

माझ्या नवऱ्याने आजवर तीन हजारांच्या वर माणसांना गाडी शिकवली. डॉक्टर, दूधवाले, पोस्टमन, एक न्यायाधीश आणि त्याच न्यायाधीशाने आत टाकलेला एक इसमसुद्धा. त्या सगळ्यांत न शिकलेली एकच, ती म्हणजे मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि गंमत म्हणजे त्या दिव्याची तेलवात मीच करत होते.

घराच्या पुढच्या खोलीत आमचं ड्रायव्हिंग स्कूल, आणि ती खोली माझी. फॉर्म मी भरायचे, फोटो मी चिकटवायचे, लायसन्सच्या मुदती मी बघायचे. रोज संध्याकाळी नव्या मंडळींचा अर्ध्या तासाचा वर्गही मीच घ्यायचे. खोक्याच्या पुठ्ठ्याचा डॅशबोर्ड केला होता मी, त्यावर सगळे दिवे रंगवलेले.

"तेलाचा लाल दिवा लागला तर काय करायचं?"

"मॅडम, गॅरेजला जायचं."

"गॅरेजला नाही जायचं! गाडी बाजूला घेऊन तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं. गॅरेजपर्यंत गेलास तर नवं इंजिन घेऊनच परत येशील."

सकाळी गाडी बाहेर पडायच्या आधी बॉनेट उघडून तेल मोजायची कांडी मी बघायचे, कूलंट मी बघायचे, चाकांतली हवा मी बघायचे. ह्यांना ब्रेक दाबायला सांगून मागचे दिवे लागतात का, तेही मीच बघायचे. गाडीच्या बाहेर उभं राहून जे जे करता येतं ते सगळं मला येत होतं. स्टिअरिंगमागे मात्र मी सव्वीस वर्षांत बसले नव्हते.

ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांची शिकवायची एक ठरलेली पद्धत होती. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. पहिले आठ-दहा दिवस मास्तरांचा पाय त्या ब्रेकवर. मग एक दिवस, काही न सांगता, ते चपला काढायचे, दोन्ही पाय वर घ्यायचे आणि सीटवर चक्क मांडी घालून बसायचे. शिकणाऱ्याला कळायचं, आता जे काय आहे ते आपल्यालाच करायचंय. पुढच्या खोलीत लोक एकमेकांना विचारायचे, "तुझी मांडी झाली का?" ज्याची लवकर झाली त्याची कॉलर चार दिवस ताठ.

माझ्या वेळी मांडी झाली नाही. घरच्या माणसापुढे कसलं आलंय नाटक, म्हणून घातली नसेल, असं मी धरून चालले होते.

माझी वेळ म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वीची. स्कूल नुकतंच सुरू झालं होतं. एकवीस दिवस मी शिकले, आणि काय सांगू, गाडी अशी जमली मला! नुसता ब्रेकवर पाय ठेवला की लोण्यासारखी थांबायची. हे म्हणायचे, "तुझा पाय हलका आहे." झालं, मी हुरळून गेले. परीक्षेला आरटीओचे साहेब मागच्या सीटवर आणि शेजारी हे. पहिल्या फटक्यात पास.

पुढच्या रविवारी मी घरची साधी गाडी बाहेर काढली. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. "मी पण येणार" म्हणून मागे चढून बसला. मागे बसणाऱ्याने पट्टा बांधायचा असतो एवढी अक्कल तेव्हा कुणाला होती? मलाही नव्हती, खोटं कशाला बोलू. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळून परत आले, समोर आमचं फाटक दिसलं. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी थांबलीच नाही. फाटक आडवं झालं, खांब फुटला आणि पोराचं तोंड पुढच्या सीटवर आपटलं. नुकताच आलेला पुढचा पक्का दात अर्धा तुटला.

लोक धावत आले. मी रस्त्यात उभी राहून एकच घोकत होते, "अहो, माझा पाय ब्रेकवर होता! शपथेवर सांगते, ब्रेकवरच होता!" कुणीतरी म्हणालं, "मग गाडीला ऐकू आलं नसेल." सगळे हसले. पोराच्या तोंडातून रक्त गळतंय आणि हे हसतायत! मास्तर तेवढे हसले नाहीत. पण बोललेही काही नाहीत.

ते वाक्य घरात मुरलं. दूध उतू गेलं, की "आईचा पाय ब्रेकवर होता." मुलगा गणितात नापास झाला, तर प्रगतिपुस्तक पुढे करून म्हणाला, "माझा पण पाय ब्रेकवर होता." सूनबाई घरात आली तेव्हा तिलाही त्याने अर्धा दात दाखवून सगळी कथा ऐकवली. मीही हसायचे. काय करणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण तो हसला की दर वेळी मला तो दात दिसायचा. मी परत कधी किल्ली मागितली नाही. लायसन्स तेवढं मुदतीत नवं करत राहिले, दुसऱ्यांची करता करता माझंही होऊन जायचं.

गेल्या वर्षी मास्तरांचे डोळे गेले. तसे एकदम नाही गेले. काचबिंदूत समोरचं दिसत राहतं आणि कडेकडेने अंधार आत सरकत येतो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, "आजपासून गाडी चालवणं बंद. समोरचा खांब दिसेल तुम्हाला, पण बाजूने येणारा माणूस दिसणार नाही." आम्ही स्कूल बंद केलं. पाटी उतरवून माळ्यावर टाकली.

पण दवाखाना सव्वा तासावर आणि महिन्यातून दोनदा जायचं. मी म्हटलं, भाड्याची गाडी करू. तर म्हणे, "परक्याच्या शेजारी बसलो की मला घाम फुटतो. मीच नेतो. तो रस्ता मला पाठ आहे."

"रस्ता पाठ आहे हो, रस्त्यावरची माणसं पाठ आहेत का?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी किल्ली लपवली, तर ह्यांनी कपाटातून दुसरी काढली. एकट्याने जातील म्हणून मी निमूट शेजारी बसायला लागले.

दुसऱ्या खेपेला येताना, बाजाराच्या चौकात, एक बाई बाबागाडी घेऊन फुटपाथवरून उतरली. माझ्या बाजूने. मी किंचाळले. गाडी थांबली तेव्हा बाबागाडीचं चाक आमच्या बंपरपासून वीतभर लांब होतं. ती बाई पांढरीफटक पडली होती. आत बाळ मजेत मूठ चोखत होतं.

"दिसली होती मला," मास्तर म्हणाले. खोटं बोल पण रेटून बोल. गाडी पुढे काढताना दोनदा बंद पाडली त्यांनी. त्यांना ती दिसली नव्हती हे मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं होतं. त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. हा माणूस एक दिवस कुणाचं तरी लेकरू मारणार आणि मी शेजारी बसून ते बघणार.

त्यातच स्कूलच्या गाडीचं काम निघालं. ती आता घरची म्हणून वापरायची, तर जास्तीचे पॅडल काढून टाकावे लागतात. मास्तर म्हणाले, "तू जा. मला नाही बघवणार ते." गॅरेजवाला मेकॅनिक त्यांचाच शिष्य, तोच घरी येऊन गाडी घेऊन गेला. मी सोबत गेले.

त्याने चटई काढली, शेजारच्या सीटपाशी डोकं खाली घालून बराच वेळ खुडबुड केली. मग म्हणाला, "वहिनी, जरा ड्रायव्हरच्या सीटवर बसता का? ब्रेकवर नुसता पाय ठेवा, दाबू नका. दोन्हीकडचे ब्रेक आतून एका दांड्याने जोडलेले असतात. दांडा सुटला का ते बघायचंय."

मी बसले. पाय ठेवला. त्याने पलीकडून मास्तरांचा ब्रेक हाताने दाबला, आणि माझ्या पायाखालचा ब्रेक खाली गेला. आपोआप. लोण्यासारखा.

"तुम्ही दाबलात का?"

"नाही रे."

"मग अजून अडकलाय कुठेतरी. थांबा."

तो खाली जाणारा ब्रेक माझ्या ओळखीचा होता. डोकं विसरलं होतं, पण तळवा विसरला नव्हता. एकवीस दिवस हेच तर होत होतं! मी पाय ठेवायचे आणि ब्रेक खाली जायचा, आणि मला वाटायचं मीच थांबवली गाडी. मी कधी दाबलाच नव्हता. दाबायचा असतो हे माझ्या पायाला कुणी शिकवलंच नव्हतं.

मेकॅनिकने पान्याने नट काढला आणि दांडा बाहेर ओढला. "आता बघा हं," म्हणून त्याने पुन्हा पलीकडचा दाबला. माझा पाय ब्रेकवर तसाच. मी वाट बघत राहिले. ब्रेक जागचा हलला नाही. आणि त्या गॅरेजच्या भिंतीसमोर बसून मला आमचं फाटक दिसलं.

"वहिनी, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

"तू मास्तरांकडे शिकलास ना? पहिले दिवस ब्रेक कोण मारायचं?"

तो हसला. "मास्तरच की. पण कळूच द्यायचे नाहीत. मला वाटायचं, वा, मी काय गाडी चालवतो! मग त्यांनी मांडी घातली, आणि त्या दिवशी एका हातगाडीत घुसता घुसता राहिलो. ब्रेकवर जोर लावायला लागतो हे तेव्हा समजलं. खरं शिकणं म्हणाल तर त्या दिवसापासून."

"आणि समजा मांडी घातलीच नाही एखाद्याच्या वेळी?"

"असं कसं होईल? मांडी घातल्याशिवाय मास्तर कुणाला सोडतच नाहीत."

काढलेले दोन्ही पॅडल त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिले. गाडी घरी आणून सोडली आणि तो गेला. मी आत गेले. मास्तर टेबलाशी चहा घेत बसले होते. मी ते पुडकं त्यांच्या कपाशेजारी आपटलं.

"अहो, माझा पाय ब्रेकवर होता."

त्यांनी कागद उघडला. पॅडलकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं, काही वेगळं सांगावं लागलं नाही.

"होता," ते म्हणाले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. फाटक बघितल्याबरोबर."

माझा तोल गेला. काय काय बोलले ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं मी पोराच्या दाताकडे बघून स्वतःला शिव्या घातल्या. लोकांनी वेंधळी म्हटलं, तर मीही वेंधळी म्हटलं. आणि हा माणूस समोर बसून ऐकत होता! रडू येत होतं आणि रडण्याचाही राग येत होता.

"स्कूल नवं होतं गं," ते म्हणाले. "लोक म्हणाले असते, बायकोला धड शिकवता आलं नाही, आम्हाला काय शिकवणार."

"आणि मांडी? माझ्याच वेळी का नाही घातली?"

ते कपाच्या कानाशी चाळा करत राहिले. "रोज ठरवायचो, आज घालायची. पाय उचलायचो, पण वळण आलं की परत खाली जायचा. दुसऱ्यांना शिकवताना मी मास्तर असायचो. तुझ्या शेजारी बसलो की मला भीती वाटायची, तुला काही झालं तर."

"मग नंतर तरी सांगायचं होतं!"

"नंतर तू किल्ली मागितलीच नाहीस. मला वाटलं, बरं झालं. घरात राहशील, सुखरूप राहशील."

बरं झालं! ते दोन शब्द मला दाताच्या तुकड्यापेक्षा जास्त लागले. दोन दिवस मी त्यांच्याशी अक्षर बोलले नाही. त्यांनीही समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी ऐकेन अशा बेताने, मुलाला फोन लावला. "तुझा दात आईने नाही फोडला. मी फोडला," असं म्हणाले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. मुलगा एवढंच म्हणाला, "आई, मी आता ते परत कधी म्हणणार नाही गं." चाळिशीकडे झुकलेला बाप्या, आवाज लहान पोरासारखा झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही किल्ल्या ताब्यात घेतल्या आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "उठा. तुमची मांडी बाकी आहे अजून."

बंद पडलेल्या गोदामामागे एक मोकळं पटांगण आहे, तिथे आम्ही रोज जायला लागलो; पहिले काही दिवस गाडी मेकॅनिक तिथवर नेऊन-आणून द्यायचा. त्यांनी गाडी चालवायची नाही, आणि मी शिकेपर्यंत दवाखान्याला भाड्याच्या गाडीने घाम पुसत जायचं, असं ठरलं. मुकाट्याने कबूल केलं त्यांनी.

सीट पुढे घेणं, आरसे लावणं, पट्टा ओढून खटका बसला का बघणं, हे मी हजारोंना शिकवलेलं. पण स्वतः करताना पट्ट्याचा खटका मला तीनदा चुकला. पहिला ब्रेक मारला तो असा, की मास्तरांचा चष्मा उडून मांडीवर पडला. "पाय हलका आहे हं माझा," मी म्हटलं. ते हसले, मला मात्र अजून हसायचं नव्हतं.

शिकवलं त्यांनी छान, हे कबूल करायला हवं. कडेचं दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. "इंजिन कण्हतंय बघ, खालचा गिअर मागतंय." "जोरात दाबलास की पॅडल पायाखाली थरथरेल. घाबरून पाय काढू नकोस, ते चाक अडकू नये म्हणून गाडीच करते तसं. दाबून धर." ते थरथरणं मी पुठ्ठ्याच्या डॅशबोर्डवर कित्येकदा समजावून सांगितलं होतं, पायाला मात्र तेव्हा पहिल्यांदा लागलं.

एकच खोड जाईना. जरा काही समोर आलं की त्यांचा पाय धप्पकन खाली आपटायचा. तिथे आता नुसती चटई होती, आणि चटईखाली रबरी बुचं मारलेली भोकं. समोर कुत्रं आलं, धप्. वळण आलं, धप्. मी म्हणायचे, "अहो, तळ फुटेल गाडीचा! रस्त्यावर चालायला लागाल." ते ओशाळायचे, पाय मागे घ्यायचे, आणि दोन मिनिटांनी परत धप्. आधी पटांगणात, मग गल्लीत, मग मोठ्या रस्त्यावर, पाच आठवडे मी ती धप् ऐकली.

मग दवाखान्याचा दिवस आला आणि मी भाड्याची गाडी सांगितली नाही. सकाळी तेल बघितलं, हवा बघितली. ह्या वेळी ब्रेकवर मी बसले आणि मास्तर मागे जाऊन उभे राहिले. "लागतात का?" मी ओरडले. "लागतात, दोन्ही लागतात," ते ओरडले. आम्ही निघालो. 

धप् चालूच होती. बाजाराचा चौक आला. तोच चौक. मी वेग कमी केला. फुटपाथला लागून एक ट्रक उभा होता, आणि त्याच्या पुढून, मास्तरांच्या बाजूने, एक सायकल सरळ आमच्या पुढ्यात आली. मी ब्रेक दाबला. ठेवला नाही, दाबला. पॅडल थरथरलं, मी पाय काढला नाही, आणि पट्टे आमच्या छातीवर आवळले. गाडी थांबली. सायकलवाला मान वळवूनही न बघता निघून गेला.

तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. धप् झाली नव्हती.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"सायकल आली होती मध्ये."

"कुठून?"

"तुमच्या बाजूने. तुमच्या खिडकीसमोरून गेली."

त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. सायकल केव्हाच पलीकडच्या फुटपाथला पोचली होती.

"मला दिसली नाही," ते म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं.

मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. मी पहिला गिअर टाकला आणि गाडी काढली. जरा पुढे गेल्यावर शेजारी चपला काढल्याचा आवाज आला. मी रस्त्यावरून नजर काढली नाही. पुढच्या सिग्नलला गाडी पूर्ण थांबवली, न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला, मग वळून बघितलं. मास्तर दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून बसले होते. छातीवर पट्टा, हात गुडघ्यांवर, नजर सरळ समोर.

माझे डोळे भरून आले. म्हणून मग मी रागावले. "पाय खाली घ्या आधी. ब्रेक लागला तर गुडघे आपटतील पुढे. वर्गात हजारदा सांगितलंय मी, पाय खालीच हवेत म्हणून."

"ब्रेक तूच मारणार आहेस ना?"

"मग काय, तुम्ही?"

"मग बसू दे जरा," ते म्हणाले.

सिग्नल सुटला. पुढच्या सिग्नलपर्यंत मी त्यांना तसंच बसू दिलं.